आमचे साडू आणि वासाचं टोफू

समस्त मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, या पृथ्वीतलावर निर्धोकपणे तोंडात घालावा असा एकही पदार्थ आता शिल्लक राहिलेला नाही. ज्यांचं जेवण चालू असेल त्यांनी हातातला घास कृपया खाली ठेवावा. हा शोध माझा नाही. मी आपला आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात संगणकापुढे बसून पोट भरणारा आणि पुढ्यात येईल ते खाणारा साधा माणूस. शोध माझ्या साडूंचा आहे. जगात शंकेखोर माणसं पुष्कळ असतील, पण साडूंनी शंकेला जी उंची दिली तिथवर अजून कोणी पोचलेलं नाही, आणि कोणी पोचलाच असेल तर तो बिचारा उपाशी मेला असेल.

साडू कॉर्कजवळच्या रिंगास्किडीच्या एका औषधांच्या कारखान्यात आहेत. या कारखान्याला लागणाऱ्या पावडरी जिथून येतात तिथे विमानाने जायचं, पांढरा झगा आणि टोपी चढवून तिथल्या लोकांना घाम फुटेपर्यंत प्रश्न विचारायचे आणि परत यायचं, हे त्यांचं काम. म्हणजे शंका घेण्याचा त्यांना पगार मिळतो. इतर माणसं घरी आल्यावर कोट काढून ठेवतात, तशी यांना शंका काढून खुंटीला अडकवता आली असती तर फार बरं झालं असतं. पण ती त्यांच्याबरोबर जेवायला बसायची. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, साडू टोकदार थर्मामीटर ठेवतात. मराठी मंडळाच्या गणपतीत शिऱ्याच्या पातेल्यात ते थर्मामीटर खुपसून त्यांनी आकडा मोठ्याने वाचला होता आणि प्रसादाची रांग जागच्या जागी विरघळली होती. आयर्लंडमध्ये भिंतीतल्या कपाटाला ‘प्रेस’ म्हणतात. कुणाच्याही घरी गेलं की साडू चपला काढतात, पाणी नको म्हणतात आणि थेट प्रेस उघडून आतल्या डब्यांच्या तारखा वाचायला लागतात. आमच्याकडे एकदा त्यांच्या हाती माझ्या आईने पुण्याहून पाठवलेला गोडा मसाला लागला. तो जॅमच्या जुन्या बाटलीत होता. साडूंनी बाटली उजेडात धरली. लेबल म्हणतंय स्ट्रॉबेरी, आत आहे काळी पावडर, असा माल आम्ही दारातूनच परत पाठवतो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि बाटली कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली. माझ्या बायकोने त्यानंतर दिवाळीपर्यंत त्यांच्याशी अबोला धरला होता. दिवाळीत बोलली, ती फराळाचं ताट त्यांच्यासमोर आदळताना.

माझी बायको धाकटी. थोरली बहीण म्हणजे साडूंची बायको. तिला आम्ही सगळेच ताई म्हणायचो. ‘म्हणायचो’ हा शब्द लिहायला मला अजून जड जातो, पण त्याचं पुढे येईलच. ताई म्हणजे साडूंच्या सगळ्या तपासण्यांवर निसर्गाने काढलेला उतारा. रस्त्यात जे काही तळलं जात असेल ते त्यांना हवं असायचं. कॉर्कच्या मार्केटात काळी रक्ताची सॉसेजं मिळतात. तीसुद्धा या सदाशिव पेठेतल्या बाईंनी एकदा खाऊन पाहिली आणि जिरं कमी आहे एवढंच म्हणाल्या. अशा बाईंच्या वाट्याला जो नवरा आला त्याचं एक ब्रीदवाक्य होतं: चव घेणं म्हणजे तपासणी नव्हे. कारखान्यात पावडर कोणी जिभेवर ठेवून बघत नाही, तेव्हा घरीही कोणी ठेवू नये. ताईंनी आमटीचा थेंब पळीवर घेऊन मीठ बघा म्हटलं, की साडू विचारायचे, किती घातलंस ते सांग, मग सांगतो. लग्नातल्या पंगतीत नवराबायकोने एकमेकांना जिलबीचा घास भरवायचा असतो. तिथे सगळ्या वऱ्हाडादेखत साडूंनी आधी नवरीचे हात धुतले आहेत का याची चौकशी केली, आणि जिलबी तिच्या हातून स्वतःच्या हातात घेऊन मग खाल्ली. त्या पंगतीत मी नव्हतो. पण माझ्या बायकोने हा प्रसंग मला इतक्यांदा अभिनयासह करून दाखवला आहे, की मीच वाढत होतो असं मला वाटायला लागलं आहे.

साडू दरवर्षी चीनला जायचे. तिथे हॉटेलच्या खोलीत बसून आयर्लंडहून नेलेल्या दशम्या खायचे आणि परत यायचे. एका वर्षी ताईंनी जाहीर केलं की या वेळी मी येणार, आणि तुमच्या शंकांना सोबत म्हणून ही दोघंही येणार. ही दोघं म्हणजे आम्ही नवराबायको. अशा रीतीने एका ऑक्टोबरात आम्ही चौघं चांग्शा नावाच्या शहरात रात्रीच्या बाजाराच्या तोंडाशी उभे होतो.

मंडळी, कॉर्कमध्ये संध्याकाळी सहानंतर रस्त्यात माणूस दिसला तर आम्ही त्याला रस्ता चुकलाय का विचारतो. आणि इथे अख्खं शहर घराबाहेर पडून खात होतं. खांद्याला खांदा लावून माणसं पुढे सरकत होती, मधूनच एखादी विजेवरची स्कूटर मांजरासारखी आवाज न करता पाठीमागे येऊन उभी राहायची. प्रत्येक गाडीवर मालकाचा आवाज भरलेला कर्णा टांगलेला, तो तेच ते वाक्य ओरडत होता आणि खाली मालक तोंड मिटून परतत होता. टोपल्यांतून लालभडक झिंगे, काड्यांवर ओवलेले खेकडे, वाफेच्या ढगात दिसेनासे झालेले आचारी, आणि गुडघ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून हाडं चोखणारी, हसणारी माणसं. जुन्या राजवाड्यातले कपडे भाड्याने घेऊन फोटो काढत फिरणाऱ्या मुली होत्या, कपाळावर रंगाची फुलं काढलेल्या. त्यांना ताईंची टिकली दिसली. मग काय, ताईंनी पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढून तिथेच हळदीकुंकू केलं. मुलींची रांग लागली. आम्ही तिथे परदेशी पाहुणे म्हणून बाजार बघायला गेलो होतो. अर्ध्या तासात बाजार आम्हाला बघत होता.

आणि मग तो वास आला. तो वास मी लेखी स्वरूपात मांडू शकत नाही. ओला मोजा, शिळं ताक आणि गणिताचा पेपर यांचं एकत्र कुटुंब असावं, तसं काहीतरी. आंबवलेल्या टोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचे, काळेकुट्ट तुकडे एक लठ्ठ, आनंदी बाई मोठ्या कढईत तळत होती. तळला की तुकड्याला काडीने भोक पाडायचं, त्यात मिरचीचा रस्सा ओतायचा, वर कोथिंबीर. माझ्या बायकोने नाकाला ओढणी लावली. ताई मात्र एखाद्या देवळात आल्यासारख्या पुढे झाल्या.

साडूंनी तोंडावर मास्क चढवला आणि कामाला लागले. थर्मामीटर बाहेर आलं. फोनमध्ये बोललेलं चिनीत करून सांगायची सोय होती, तिच्यातून त्यांनी त्या बाईची चौकशी मांडली: तेल शेवटचं केव्हा बदललं, टोफू कशात आंबवलं, कोणी, किती दिवस, आणि त्या वेळी दुसरं कोणी पाहत होतं का. बाईने सगळं ऐकून घेतलं, मग झारा खाली ठेवून फोनकडे वाकून एकच प्रश्न विचारला. फोनने तो आम्हाला सांगितला. हे गृहस्थ पोलिसात आहेत का, असं ती विचारत होती.

“पोलिस परवडले गं बाई,” ताई तिला मराठीतच म्हणाल्या, आणि फोनची मदत न घेता त्या दोघी पोट धरून हसल्या.

ताईंनी पहिला तुकडा खाल्ला, डोळे मिटले, दुसरा खाल्ला. तिसरा काडीला टोचून त्यांनी साडूंच्या मास्कसमोर धरला. “अहो, एक घास. लग्नात सुटलात, आज नाही सुटायचे.”

“पुढच्या वेळी,” साडू म्हणाले. “आधी तेलाचं कळू दे.”

काडी बराच वेळ तशीच हवेत होती. रस्सा ताईंच्या मनगटावरून बांगडीपर्यंत ओघळला. मग त्यांनी तोही तुकडा स्वतःच खाल्ला आणि आम्ही पुढे निघालो. बाजार संपेपर्यंत ताईंनी आणखी काय काय खाल्लं ते मी सांगत नाही, वाचकांत शाकाहारी मंडळी असतील. साडू त्या प्रत्येक गाडीमागे उभं राहून कढया, हात आणि फडकी बघत होते. त्या अख्ख्या रस्त्यावर त्यांनी तपासली नाही अशी एकही गोष्ट उरली नसेल असं मला तेव्हा वाटलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ताईंच्या पाठीत दुखायला लागलं. दुखणं पाठीचं नव्हतं, स्वादुपिंडाचं होतं, आणि ते कळलं तेव्हा ते बरंच पसरलं होतं. डॉक्टरांना भेटायला जाताना साडूंनी मला बरोबर नेलं. ऐकलेलं नीट लक्षात राहील याची स्वतःबद्दलसुद्धा त्यांना खात्री नव्हती. डॉक्टर मध्यमवयीन, मऊ बोलणारी आयरिश बाई होती. साडूंनी तिला चांग्शाच्या बाजाराबद्दल सगळं सांगितलं, तेलाचा रंगसुद्धा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही, ती म्हणाली. हा आजार त्या वेळी बहुधा आत होताच. त्यांना तो बाजार आवडला होता ना, मग ग्रँड. इथे ‘ग्रँड’ हा शब्द चहा बरा झाला असेल तरी म्हणतात आणि माणूस मरायला टेकला असेल तरी म्हणतात.

बाहेर गाडीत बसल्यावर साडूंनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. काचेवर पाऊस पडत होता, वायपर बंद होते, आणि समोरचं काही दिसत नव्हतं.

“मी सगळ्या कढया बघत होतो,” ते म्हणाले. “आणि ते हिच्यात होतं.”

मला जगातल्या कुठल्याही प्रसंगाला शोभेल असा विनोद सुचतो, अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी मी उतरलो, त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि गाडी चालवली.

हिवाळा लागला तशी ताईंना अन्नाची शिसारी बसली. भाताचा वास नको, चहाचा नको, फुलांचाही नको. त्यांची मुलगी कॉलेज सोडून घरी येऊन बसली होती. ही मुलगी कॉर्कमध्येच वाढलेली, तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते कॉर्कच्या हेलातल्या इंग्रजीत. आई बोटभर दही खायची तेव्हा ती ‘गुड वुमन यर्सेल्फ’, म्हणजे शाब्बास, म्हणून टाळ्या वाजवायची आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडायची. एके दिवशी ताई म्हणाल्या, की आता एकच गोष्ट खावीशी वाटते, ते काळं टोफू; त्याच्या वासापुढे बाकीचे सगळे वास गप्प बसतील.

त्या गमतीने म्हणाल्या होत्या. साडूंना गंमत कधीच कळलेली नाही. त्यांनी कॉर्कमधली झाडून सगळी चिनी दुकानं पालथी घातली, आणि शेवटी डब्लिनला एका दुकानात गोठवलेलं मिळतं असा पत्ता लागला. पहाटे निघालो, मी शेजारी. दुकानात साडूंनी बर्फाच्या पेटीतून पाकीट उचललं आणि काउंटरवर ठेवलं. तारीख वाचली नाही. पाकीट कुठे फाटलंय का बघितलं नाही. दुकानदाराला एक प्रश्न विचारला नाही. तीस वर्षांच्या ओळखीत मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

परत पोचलो तेव्हा ताईंना पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. साडू पलंगाशी वाकले आणि आणलंय म्हणाले. ताईंनी डोळे उघडले. पाकिटाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि ओठांच्या एका कोपऱ्यातून हसल्या. चांग्शात त्या बाईबरोबर हसल्या होत्या त्यातलंच थोडंसं उरलेलं हसू.

“आधी तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“तू जरा बरी हो,” साडू म्हणाले. “मग दोघं मिळून खाऊ.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई गेल्या.

इथलं दहनगृह बंदरातल्या एका लहानशा बेटावर आहे, रिंगास्किडीच्या रस्त्यावरच. इतकी वर्षं साडू रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या शेजारून कामाला जात होते. त्या दिवशी गाडी तिथे वळली एवढाच फरक. शेजारपाजारचे आयरिश लोक ओळीने आले, प्रत्येकाने साडूंचा हात हातात घेऊन ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’ म्हटलं, आणि घरी अंड्याच्या सँडविचांचे ट्रे येऊन पडले. साडूंनी प्रत्येक ट्रेवर आल्याची वेळ लिहिली आणि तो फ्रिजमध्ये ठेवला. खाल्लं मात्र काही नाही. पहिले दोन दिवस आम्हाला वाटलं, दुःख आहे. मग लक्षात आलं, की त्यांच्या घशाखाली खरोखरच काही उतरत नाहीये. माझी बायको डबे पाठवायची, ते जसेच्या तसे, तारीख घातलेले, परत यायचे. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली. मुलगी ताट घेऊन समोर बसायची आणि ‘बाबा, जस्ट वन बाइट’ म्हणायची. साडू तिच्याकडे बघायचे आणि उठून जायचे. एका रात्री तिने मला फोन केला आणि हुंदके देत विचारलं, की आता बाबाही जाणार का.

दहाव्या दिवशी आम्ही फाउंटन्सटाउनच्या किनाऱ्यावर गेलो. फेब्रुवारीचा समुद्र ॲल्युमिनियमच्या जुन्या भांड्यासारखा दिसत होता आणि पाऊस वरून न पडता बाजूने येत होता. पुण्याहून गुरुजी फोनच्या पडद्यावर होते. फोन माझ्या बायकोने छत्रीखाली धरला होता. कागदी ताटलीत भाताचा पिंड ठेवला आणि आम्ही कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. आयर्लंडमध्ये कावळ्यांचा तुटवडा नाही. गाड्या लावायच्या जागेत दहाबाराजण चिप्सचं एक पाकीट फाडत होते. त्यांतले काही इथले, राखाडी अंगाचे. गुरुजींनी विचारलं, पूर्ण काळा आहे का? मी सांगितलं, डोकं आणि पंख काळे आहेत, बाकी जाकीट घातलंय. चालेल म्हणाले. पण कावळा येईना. एक कचऱ्याच्या पेटीवर येऊन बसला, पिंडाकडे बघितलं आणि मान फिरवली. एक सीगल धीटपणे पुढे आला, त्याला साडूंनी छत्रीने हाकलला. हा अधिकृत नाही म्हणाले. मग आम्ही एकेकजण पुढे होऊन ताईंना वचनं द्यायला लागलो, कारण इच्छा अडलेली असली की कावळा शिवत नाही. माझी बायको म्हणाली, लेकीला मी अंतर देणार नाही. लेक इंग्रजीत म्हणाली, की मी कॉलेज पुरं करीन, आय स्वेअर, आई. मी साडूंची चेष्टा करणार नाही असं वचन दिलं, ते तुम्ही बघताच आहात. कावळा पेटीवरून हलला नाही. अर्धा तास गेला. थंडीने माझ्या बायकोच्या हातातला फोन थरथरत होता आणि गुरुजी भूकंपात सापडल्यासारखे दिसत होते. त्यांच्या आवडीचं काही राहिलं असेल तर तेही ठेवा, असं गुरुजी म्हणाले.

साडू गाडीकडे गेले आणि स्टीलचा डबा घेऊन आले. झाकण उघडलं. गेल्याच्या आधीच्या ऑक्टोबरातला तो अख्खा बाजार, त्या कढया, त्या मुली, तो ओरडणारा कर्णा, सगळं एका झुळकीसरशी किनाऱ्यावर पसरलं. कुत्रं फिरवायला आलेला एक माणूस कुत्र्यासकट मागे वळला. डब्यात काळे तुकडे होते, सकाळी उठून साडूंनी स्वतः तळलेले, वर मिरचीचा रस्सा आणि कोथिंबीर. आयुष्यात त्या माणसाने त्याआधी गॅसला हात लावला होता तो फक्त गळती तपासायला.

ते ताटलीपाशी वाकले आणि तुकडा हातात धरून थांबले. आम्हाला वाटलं, आता थर्मामीटर निघणार. मुलगी डोळे पुसायची थांबून त्यांच्याकडे बघत राहिली.

साडूंनी तो तुकडा स्वतःच्या तोंडात घातला.

गुरुजी पुण्याहून ओरडले, की अहो, उष्टं होईल, पितरांना उष्टं चालत नाही. माझी बायको नुसतीच “भावोजी” म्हणाली. साडू चावत होते. हळूहळू, नीट, कारखान्यात माणूस उभा राहतो तसे ताठ उभे राहून. मिरचीने असेल, डोळ्यांतून धार लागली होती, ती हनुवटीवरून कॉलरच्या सैल फटीत जात होती. कंठमणी एकदा वर गेला, अडकला, आणि खाली आला. मग त्यांनी उरलेला डबा त्या ताटलीत उपडा केला, मागे सरकले, आणि पेटीवरच्या कावळ्याकडे बघून, ज्याला चारचौघांत बायकोशी मोठ्याने बोलल्याचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं तो माणूस समुद्राच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला:

“ये गं आता. मी खाल्लंय आधी, चांगलं आहे.”